विजेच्या ट्रामपासून ६० वर्षांच्या नोंदी वाचवणारे नानाभाई मूस : आजही रात्रीच्या आकाशाचं गणित त्यांच्याच अलिबागवर उभं आहे!

मार्च-एप्रिलमधली एखादी रात्र. नाशिकला गोदाकाठावर साडेआठ-नऊ वाजलेत. ऊन कधीच उतरलंय, वारा सुटलाय आणि वर पाहिलं तर आकाश अगदी शांत आहे.

पण आपल्या डोक्यावर साधारण ३०० किलोमीटर उंचीवर अशी शांतता नसते.

तिथे विद्युतभारित कणांचा एक विरळ थर आहे. त्याला आयनोस्फिअर म्हणतात आणि त्यातल्या भारित कणांच्या वायूला प्लाझ्मा. सूर्य मावळला की विषुववृत्ताजवळ हा थर काही काळ अचानक वर उचलला जातो. मग खालच्या बाजूने त्यात पोकळ्या शिरतात, बुडबुड्यांसारख्या वर चढतात आणि ताशी शेकडो किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकू लागतात. त्यातल्या मोठ्या पोकळ्या उत्तरेला थेट महाराष्ट्राच्या आकाशापर्यंत पोहोचतात.

उपग्रहाचा सिग्नल अशा पोकळीतून खाली आला की तो थरथरतो. मोबाईलवर पत्ता शोधताना आपल्याला सहसा ते जाणवत नाही. मात्र विमानांना वाट दाखवणाऱ्या उपग्रह यंत्रणेला किंवा सेंटीमीटरमध्ये जमीन मोजणाऱ्या यंत्राला त्याचा चांगलाच त्रास होतो.

म्हणून शास्त्रज्ञ या रात्रीच्या हालचालीचं गणिती मॉडेल कॉम्प्युटरवर तयार करतात. त्या मॉडेलला एक आकडा हमखास लागतो, तो म्हणजे प्लाझ्माला वर ढकलणारा जोर किती आहे. भारतात हा अंदाज बांधताना तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून दुसऱ्या एका ठिकाणची नोंद वजा केली जाते.

ते दुसरं ठिकाण आहे आपलं अलिबाग!

समुद्रकिनारा आणि कुलाबा किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अलिबागेत ही यंत्रं आली कशी? त्यासाठी एका पारशी शास्त्रज्ञाची गोष्ट जाणून घ्यावी लागेल. त्यांचं नाव नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस.

जन्म वादळाच्या वर्षी

नानाभाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी जगाने एक विलक्षण घटना पाहिली होती.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावर एक प्रखर झोत दिसला. त्यानंतर एक दिवसही उलटला नव्हता तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. तारायंत्रं बिघडली. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश उष्ण प्रदेशातल्या लोकांनीही पाहिला.

मुंबईत तेव्हा दिवस होता, त्यामुळे आकाशात काही दिसलं नाही. पण कुलाब्याच्या वेधशाळेत एक माणूस दुर्बिणीतून चुंबकाची हालचाल वाचत बसला होता. २ सप्टेंबरला दुपारच्या सुमारास तो चुंबक असा काही सरकला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली.

हा आकडा केवढा मोठा आहे? मुंबईत हा आडवा जोर ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतो. एरवी दिवसभरात तो काही दशक नॅनोटेस्लांनी हलतो. म्हणजे रोज बोटभर हलणारी वस्तू त्या दिवशी काही हात हलली!

नानाभाई पुढे ज्या वेधशाळेचे प्रमुख झाले, ती हीच.

कुलाब्याची वेधशाळा

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली. तेव्हा कुलाबा हे मुंबईपासून वेगळं बेट होतं. ताऱ्यांचे वेध घेऊन बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी, हा तिचा मुख्य हेतू होता. १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली आणि १८४६ पासून त्यांची सलग मालिका मिळते.

मराठी वाचकांना परिचित असलेले गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत साहाय्यक होते. ते मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, हा एक छान योगायोग.

सुरुवातीच्या काळात सगळं काम डोळ्यांनी चालायचं. ठरलेल्या वेळी आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. रात्र असो वा भर पावसाळा, वही रिकामी राहता कामा नये. १८७२ पासून फोटोग्राफीची मदत मिळाली. टांगलेल्या चुंबकाला लहानसा आरसा लावायचा, त्यावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पाडायचा. चुंबक हलला की कागदावरची रेघ हलायची.

इकडे नानाभाईंनी मुंबई विद्यापीठाची एल. सी. ई. ही स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली. मग ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरा विद्यापीठातून बी. एस्सी. झाले. एडिंबऱ्याच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपलं फेलो करून घेतलं. मुंबईला परतल्यावर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केलं.

१८६५ पासून वेधशाळा सांभाळणारे चार्ल्स चेंबर्स १८९६ साली वारले आणि सूत्रं नानाभाईंच्या हाती आली. ते वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान घातलं, अर्धं शहर गावाकडे पळत होतं. अशा काळात पन्नास वर्षांच्या नोंदींची मालिका त्यांच्याकडे आली.

दोन वर्षांतच, १८९८ मध्ये, कुलाब्याला मिल्न बनावटीचं भूकंपमापक यंत्रही बसलं. भारतात अशी यंत्रं बसवलेल्या अगदी पहिल्या ठिकाणांमध्ये कुलाब्याचा समावेश होतो.

मुंबईत येणार विजेची ट्राम!

मुंबईकर १८७४ पासून घोड्यांच्या ट्राममधून फिरत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या ट्रामची चर्चा सुरू झाली. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती. वेधशाळेच्या दृष्टीने मात्र हे संकट होतं.

असं का?

जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांमधून परत जाते. पण सगळी वीज मुकाट्याने रुळांतून जात नाही. तिचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाट फुटेल तिकडे पसरतो. ट्राम सुरू झाली की हा प्रवाह वाढतो, थांबली की कमी होतो. म्हणजे प्रत्येक ट्रामच्या प्रत्येक थांब्याला वेधशाळेतला चुंबक दचकणार!

चुंबकाची रोजची नैसर्गिक हालचाल मुळात हजारात एखाद्या भागाएवढी. ट्रामच्या गोंगाटात ती पार बुडून गेली असती. युरोपातल्या शहरांमध्ये विजेच्या ट्राम आल्या, तेव्हा तिथल्या चुंबकीय वेधशाळांपुढेही हेच संकट उभं राहिलं होतं.

ट्राम थांबवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. उरला एकच मार्ग, चुंबकांनी मुंबई सोडायची.

एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला

मूस यांच्या पुढाकाराने अलिबागची जागा ठरली. मुंबईच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे, सुमारे ३० किलोमीटरवर. अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, म्हणजे आजच्या रायगडचं. एका कुलाब्याची वेधशाळा दुसऱ्या कुलाब्यात आली म्हणायची!

निवड अचूक होती. अलिबाग मुंबईच्या इतकं जवळ की सूर्यामुळे होणारे बदल दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसणार. आणि इतकं लांब की ट्रामची वीज तिथवर पोहोचणार नाही. शिवाय तिथे रेल्वेही नव्हती.

आता प्रश्न इमारतीचा. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला आहे. त्यात लोहयुक्त खनिजं असतात आणि त्यामुळे त्याला स्वतःचं थोडं चुंबकत्व असतं. नाशिकचं काळाराम मंदिर ज्या काळ्या पाषाणात उभं आहे, तो देवळाला शोभून दिसतो. चुंबकघराला तो चालत नाही. म्हणून अलिबागच्या वेधशाळेसाठी पोरबंदरचा दगड मागवला गेला. चुंबकत्वाचा मागमूस नसलेलाच दगड निवडून वापरला आणि बांधकामात लोखंड टाळलं. तापमान बदललं की चुंबकही किंचित बदलतो, म्हणून यंत्राच्या खोलीत दिवस-रात्रीचा फरक पोहोचू नये अशी रचना केली.

हे सगळं झालं तरी सर्वांत मोठी अडचण बाकीच होती.

दोन वर्षं, दोन वेधशाळा

समजा, लासलगावच्या बाजारात एक वजनकाटा साठ वर्षं वापरात आहे. एक दिवस तो काढून नवा काटा बसवला. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या गोण्या दोन किलोने जड भरल्या. आता कांदा जड झाला की काटा बदलला, हे सांगणार कसं?

शहाणा माणूस जुना काटा लगेच फेकत नाही. काही दिवस तो प्रत्येक गोणी दोन्ही काट्यांवर ठेवतो आणि फरक लिहून ठेवतो. मग जुना काटा गेला तरी जुन्या वजनांचा नव्या वजनांशी मेळ घालता येतो.

मूस यांनी हेच केलं. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली, पण कुलाब्याची यंत्रं बंद झाली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू राहिल्या. तेच वादळ, तीच सकाळ, तीच शांत रात्र दोन जागी मोजली गेली. दोन्हीतला फरक नक्की कळल्यावरच कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबवली.

७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. तोवर कुलाब्याचा वारसा अलिबागेत सुखरूप पोहोचला होता.

त्यावेळी थोडी घाई झाली असती, तर १८४६ पासूनच्या नोंदी आणि पुढच्या सगळ्या नोंदी यांच्यात कायमची दरी पडली असती. नव्या पैशाने नवी यंत्रं आणता येतात, पण गेलेली वर्षं पुन्हा मोजता येत नाहीत.

साठ वर्षांचा हिशेब

नोंदी वाचल्या, पण नुसत्या वह्या जपून काय उपयोग? १९१० साली मूस यांचा दोन भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतली मुंबईची चुंबकीय निरीक्षणं होती आणि त्यांची चर्चाही.

तासाला एक नोंद धरली, तर साठ वर्षांत एकाच घटकाच्या सव्वापाच लाखांहून जास्त नोंदी होतात. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही. सगळी बेरीज, सगळी सरासरी माणसांनी कागदावर केलेली.

त्यांनी शांत दिवस वेगळे काढले, वादळी दिवस वेगळे काढले. सूर्यामुळे रोज होणारा बदल तपासला, चंद्राचा बारीकसा ठसाही शोधला. अनेक वादळं एकमेकांवर ठेवून वादळाचा सर्वसाधारण आकार काढला. आधी जोर एकदम थोडा वाढतो, मग काही तास खाली घसरत जातो आणि पुढचे काही दिवस हळूहळू सावरतो. नंतरच्या काळात सिडनी चॅपमन यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने चुंबकीय वादळांवर काम करताना मूस यांच्या या अभ्यासाचा आधार घेतला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आकाशात वीज वाहून नेणारा थर आहे, ही तेव्हा फक्त कल्पना होती. बाल्फर स्टुअर्ट यांनी १८८२ मध्ये ती मांडली होती. १९०१ साली मार्कोनी यांचा रेडिओ संदेश अटलांटिक पार गेला आणि दुसऱ्या वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी परावर्तन करणाऱ्या थराची कल्पना पुढे आणली. पण ॲपलटन यांनी त्याचा पक्का पुरावा दिला तो १९२४ मध्ये.

म्हणजे मूस ज्या थरातल्या प्रवाहांचे परिणाम आयुष्यभर मोजत होते, तो थर खरोखर आहे हे सिद्ध झालं ते त्यांच्या निवृत्तीनंतर! १९१९ साली ते वेधशाळेतून निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग रात्रीच्या प्लाझ्माशी याचा संबंध काय?

आता पुन्हा नाशिकच्या रात्रीकडे येऊ.

दिवसा सूर्याच्या किरणांमुळे हवेतल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तालगत एका अरुंद पट्ट्यात विजेचा मोठा प्रवाह पूर्वेकडे वाहतो. भारतात हा पट्टा दक्षिण टोकावरून जातो. १९६३ साली रॉकेट सोडण्यासाठी थुंबा निवडलं गेलं, त्याचं एक मोठं कारण हेच.

पूर्वेकडे असलेलं विद्युत क्षेत्र आणि उत्तरेकडे असलेलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मिळून प्लाझ्माला वर ढकलतात. वर गेलेला प्लाझ्मा मग चुंबकीय रेषांवरून उत्तरेला आणि दक्षिणेला घसरत खाली येतो, अगदी कारंज्यासारखा. या कारंज्याचं उत्तरेकडचं पाणी पडतं ते महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात.

सूर्यास्तानंतर काही वेळ हा जोर एकदम वाढतो आणि मग उलटतो. जोर वाढला त्या वेळी थर खूप उंच गेला, तर खाली हलका आणि वर जड अशी स्थिती होते. तेलावर पाणी ओतलं तर ते कसं टिकणार? तसाच हा थरही ढासळतो आणि बुडबुडे सुटतात. मग थर हळूहळू खाली बसायला लागतो.

मॉडेल करणाऱ्यांकडे समीकरणं असतात. सूर्यप्रकाशाचे आकडे बऱ्यापैकी ठाऊक असतात. सगळ्यांत अवघड असतं ते विद्युत क्षेत्र, कारण ते रोज बदलतं आणि इतक्या उंचीवर जाऊन रोज मोजता येत नाही.

इथे अलिबाग मदतीला येतं. तिरुनेलवेली त्या प्रवाहाच्या पट्ट्याखाली आहे, अलिबाग पट्ट्याबाहेर. दोन्हीकडे जे सारखं दिसतं ते वजा केलं की उरतो फक्त त्या पट्ट्यातला प्रवाह. त्यावरून दिवसा प्लाझ्मा किती वेगाने वर गेला याचा अंदाज बांधता येतो, आणि दिवसा किती प्लाझ्मा कुठे जमला यावर रात्रीचा खेळ बराचसा ठरतो.

या वजाबाकीत एक गंमत आहे. कुठल्याही वजाबाकीला शून्य कुठे आहे हे माहीत असावं लागतं. ते शून्य रात्र देते. अंधार पडला की खालच्या थरातले इलेक्ट्रॉन भराभर नाहीसे होतात, प्रवाह जवळजवळ थांबतो आणि चुंबक स्थिर होतो. वर ३०० किलोमीटरवर प्लाझ्मा टिकून असतो, हलत असतो, पण जमिनीवरच्या चुंबकाला त्याची फारशी खबर लागत नाही. अलिबागच्या खोलीतली ही शांत रात्रच दिवसाच्या मोजमापाचा पाया ठरते.

रात्रीची प्रत्यक्ष हालचाल पाहण्यासाठी मात्र वेगळी साधनं लागतात. कोल्हापूरला अख्ख्या आकाशाचा फोटो काढणारा कॅमेरा बसवला गेला. वातावरणातला अतिशय मंद तांबडा उजेड तो टिपतो आणि प्लाझ्माचे बुडबुडे त्यात काळ्या पट्ट्यांसारखे सरकताना दिसतात. मॉडेलचं उत्तर बरोबर आलं का, हे अशा फोटोंशी ताडून पाहता येतं.

आजही चालू असलेली वही

मूस यांनी जपलेल्या नोंदींचं मोल २००३ मध्ये साऱ्या जगाला कळलं. ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांच्यासह १८५९ च्या त्या वादळाचा नव्याने अभ्यास केला. त्यासाठी आधार घेतला कुलाब्याच्या नोंदींचा. वादळाचा जोर किती होता याचा अंदाज त्यावरून बांधला गेला. अशा वादळाने आज वीजपुरवठा आणि उपग्रह यांचं काय होईल, याची जगभर जी चर्चा होते, तिच्यात मुंबईचा तो आकडा वारंवार येतो.

कुलाबा-अलिबागचा वारसा सांभाळणारी ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. अलिबागची वेधशाळा अजूनही चालू आहे, फोटोच्या कागदाची जागा डिजिटल यंत्रांनी घेतली आहे. १८४६ पासूनची मालिका आता पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेली आहे.

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. तिच्यामुळे शहर सोडून गेलेले चुंबक मात्र आज रात्रीही अलिबागेत आपलं काम करतायत आणि नाशिकवरून सरकणाऱ्या त्या न दिसणाऱ्या बुडबुड्यांचं गणित मांडणारा कुणीतरी उद्या सकाळी तिथला आकडा उघडून पाहणार आहे.